तिसऱ्या मजल्यावरचं पाणी

पळीमावशींनी आयुष्यात एकच चोरी केली आणि ती त्या कुणी न विचारता सांगत असत. मुलांच्या वसतिगृहात एकतीस वर्षं स्वयंपाक केल्यावर निरोपाच्या दिवशी त्यांना भिंतीवरचं एक घड्याळ मिळालं. घड्याळ त्यांनी हातात घेतलं, चार शब्द बोलल्या, डोळे पुसले आणि जाता जाता स्वयंपाकघरातली हातभर लांब पितळी पळी शालीखाली घालून घरी आणली. मग आठ दिवस डोळ्याला डोळा लागेना. शेवटी त्यांनी व्यवस्थापकाला पत्र लिहून कबुली दिली. त्याचं उत्तर आलं की पळी खुशाल ठेवा, घड्याळ नीट चालतंय ना तेवढं मात्र कळवा. घड्याळ पहिल्या दिवसापासून बंद होतं. मावशींनी उत्तर पाठवलं नाही, कारण खरं लिहिलं तर दिलेल्या वस्तूला नावं ठेवल्यासारखं झालं असतं आणि खोटं लिहायची सोय नव्हती.

तीच पळी घेऊन त्या गेली दोन वर्षं दर रविवारी दुपारी लाकडाच्या वखारीमागच्या लांबट खोलीत गरिबांना जेवू घालत होत्या. जेवण म्हणजे डाळीचं गरम कढण आणि पाव. डाळ आणि पाव गिरणीवाला द्यायचा, सरपण वखारीतून यायचं आणि उपदेश मावशींचा घरचा. नुसतं पोट भरलं म्हणजे माणूस भरला असं होत नाही, हे त्यांचं ठाम मत होतं. भुकेल्याला कढण द्यायचंच, पण त्याच्याबरोबर चार चांगल्या गोष्टीही आत गेल्या पाहिजेत, नाहीतर सोमवारी तो पुन्हा जिथल्या तिथे. म्हणून आधी दोन मिनिटं डोळे मिटून प्रार्थना, मग धडा, मग पाव. प्रार्थनेच्या वेळी मावशी स्वतः एकच डोळा मिटत. दुसरा पावांच्या टोपलीवर असे. देवावर त्यांचा पुरता विश्वास होता, पण टोपली देवाच्या भरवशावर सोडण्याइतका नव्हता.

धडे त्यांच्याकडे पोत्यानं होते. खरं बोलावं. दुसऱ्याचं उचलू नये. इथे पळीची गोष्ट यायची. रागाच्या भरात हात उगारू नये. वर कुणीतरी बघतोय असं समजून वागावं. इतके धडे झाले होते की पहिल्या रविवारी आपण काय शिकवलं हे त्यांना स्वतःला सांगता आलं नसतं. पण कढणाच्या वासापुढे सद्गुणांचा निभाव लागेना. लोक माना डोलवायचे, त्या पातेल्याकडे बघून. पडदेवाला तर उघड्या डोळ्यांनी झोपायचा. हा दाढीवाला पूर्वी नाटकाच्या थिएटरात पडदे ओढायचं काम करायचा आणि ही कला त्यानं तिथेच कमावली होती.

वर्षभर हे पाहून मावशींनी पद्धत बदलली. भाषण बंद. आता प्रत्येकानं पातेल्यासमोर यायचं आणि आठवड्यात केलेलं एक चांगलं काम सांगायचं. सांगेपर्यंत पळी पातेल्यात उभी राहणार, सांगितलं की वाकणार. ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसेल त्यानं रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहायचं. उपाशी कुणाला पाठवायचं नाही, पण थोडी लाज वाटली पाहिजे, असा हिशेब होता.

पहिले दोन रविवार ठीक गेले. एकानं कुणाचं तरी पडलेलं गाठोडं उचलून दिलं होतं, एकीनं शेजारणीशी धरलेला अबोला सोडला होता. मावशींचा ऊर भरून आला. तिसऱ्या रविवारपासून मात्र चांगुलपणाला ऊत आला. एकानं जळत्या घरातून मांजर बाहेर काढलं. पुढच्या रविवारी दुसऱ्यानं त्याच घरातून दोन मांजरं काढली. पाकीटवाला, ज्याचा जुना धंदा त्याच्या नावातच आहे, छाती पुढे काढून म्हणाला, "मावशी, मी एकाचं पाकीट परत केलं."

"कुणाचं?"

"ज्याचं घेतलं होतं त्याचंच."

मावशींनी थोडा विचार केला आणि पळी वाकवली. काम अर्धंच चांगलं होतं म्हणून मावशींनी कढणही अर्धीच पळी वाढलं, असं तो नंतर सगळ्यांना सांगत फिरत होता. त्यात काही तथ्य नाही. मावशींचा वाढायचा हात एकतीस वर्षं वसतिगृहातल्या पोरांनी घडवलेला होता, त्याला कमी वाढता येतच नसे.

रांगेच्या मागच्या टोकाला पडदेवाल्यानं आपलं दुकान मांडलं होतं. ज्याला काही सुचत नाही त्याला तो अर्ध्या पावाच्या बोलीवर चांगलं काम रचून द्यायचा. नाटकं पाहून पाहून करुण प्रसंगांना त्याच्याकडे तोटा नव्हता, पण माणूस आळशी. एक प्रसंग खपला की तोच दहा जणांना द्यायचा. त्याचा सगळ्यात खपणारा माल म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची आजी. ही आजी खरीच होती. वखारीसमोरच्या जुन्या इमारतीत एकटी राहायची, नळ खाली चौकात, पायऱ्या उंच आणि गुडघे गेलेले. तिला पाणी भरून दिलं असं म्हटलं की मावशींचे डोळे पाणावायचे, पळी तळाशी जायची आणि घट्ट कढण वर यायचं. एका रविवारी सात जणांनी आजीचं पाणी भरलं होतं. मावशी मनात म्हणाल्या, आजी फार पाणी पीत असली पाहिजे. त्यापुढे त्यांना शंका आली नाही. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला दुसऱ्याचं खोटं ओळखायचीही सवय नसते.

या सगळ्या पुण्यवान मंडळींत एक माणूस मात्र अगदीच कोरडा होता. पन्नाशीचा हातगाडीवाला. बाजारातून गोण्या ओढायचा, बोलायचा कमी आणि मान खाली. त्याला विचारलं, "काय रे, काय केलंस या आठवड्यात?" की तो म्हणायचा, "काही नाही." आणि स्वतःच रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहायचा. आज नाही, उद्या नाही, वर्षभर नाही. लोकांनी त्याचं नावच काहीनाही ठेवलं. पडदेवाल्यानं त्याला एकदा उदार होऊन फुकट एक चांगलं काम देऊ केलं, तर तो म्हणाला, "नको." त्यावर पडदेवाल्यानं अशी कुजबुज सुरू केली की हा मोठा लबाड आहे, पातेल्याच्या तळाशी डाळ बसते म्हणून मुद्दाम शेवटी राहतो. मावशींनाही ते थोडं पटलं होतं. शेवटच्या माणसाला पाव कधी मिळतो, कधी नुसता चुरा मिळतो, हे त्यांना माहीत होतं, पण पडदेवाल्याच्या बोलण्यापुढे ते त्या विसरल्या.

मग एका रविवारी जेवणाआधी गिरणीवाला आला. माणूस वाईट नव्हता, पण त्याला गोल आकड्यांची भारी हौस. आल्या आल्या त्यानं धुऊन पालथे घातलेले वाडगे मोजले. "मावशी, एक्केचाळीस? हा काय आकडा झाला? पुढच्या रविवारपासून चाळीस करा. आणि असं करा, जो काही केल्या सुधारत नाही त्याचं नाव काढा. एक नाव निघालं की बाकीचे आपोआप सरळ होतात. मी गिरणीत तेच करतो."

"उपाशी कुणाला पाठवायचं नाही, असं आहे आपलं," मावशी म्हणाल्या.

"मग मलाही जरा हात आखडता घ्यावा लागेल. मी दाण्याबरोबर सुधारणाही देतोय असं तुम्हीच सांगितलं होतं. सुधारणा कुठे दिसते ते मला दाखवा."

नाव शोधायला लागणारच नव्हतं. मावशींच्या डोळ्यांसमोर खाली घातलेली एक मान उभी राहिली. वर्षभर एकही चांगलं काम न केलेला माणूस. तरी त्यांना ते जड गेलं. त्या रविवारी जेवणानंतर त्यांनी पळीनं पातेल्यावर टोल दिला आणि सगळ्यांना सांगितलं, "एक नाव कमी होणार आहे. कुणाचं ते मी अजून ठरवलेलं नाही. मला अन्याय करायचा नाही, तेव्हा बुधवारी सकाळी मी स्वतः आजीकडे जाऊन विचारणार आहे, कुणी कुणी पाणी भरलं ते."

झडती घ्यायची तर आधी सांगून घ्यायची, ही त्यांची वसतिगृहापासूनची सवय. तिथेही त्या म्हणायच्या, उद्या मी पेट्या तपासणार आहे, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या पेट्या स्वच्छ असायच्या. यात आपण फसतो असं त्यांना कधी वाटलंच नाही. पेट्या स्वच्छ झाल्याशी कारण.

बुधवारी मावशी गुडघ्यावर हात ठेवत ठेवत जिना चढू लागल्या तर पहिल्याच पायरीवर पाय घसरला. जिना वरपासून खालपर्यंत ओला. दुसऱ्या मजल्यावर पाकीटवाला दोन बादल्या घेऊन धापा टाकत उभा. मावशींना पाहून त्याचा चेहरा पडला. "मी नेहमीच येतो, मावशी," तो म्हणाला, आणि मग थोडं थांबून म्हणाला, "सोमवारपासून."

वर आजीचं दार उघडं होतं आणि आजी पलंगावर पाय वर घेऊन बसली होती, कारण जमिनीवर पाय ठेवायला जागा नव्हती. घागरी, पातेली, तपेली, डबे, डब्यांची झाकणं, चहाची किटली, फुलदाणी, सगळ्यांत काठोकाठ पाणी. खिडकीत कैलासवासी आजोबांचा दाढीचा मग होता, तोही भरलेला.

"हे सगळं तू करवलंस ना गं?" आजीनं विचारलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता तिच्या. "रविवारी संध्याकाळपासून दार वाजतंय. एक आला, दुसरा आला, पाच एकदम आले. नको म्हटलं तर रडकुंडीला येतात. म्हणतात, आजी, माझं नाव लक्षात ठेवा. काल एका दाढीवाल्यानं माझा चहा ओतून किटलीत पाणी भरलं. पीत होते मी तो."

मावशींच्या डोक्यात हळूहळू उजेड पडू लागला. "म्हणजे रविवारच्या आधी यांच्यापैकी कुणी येत नव्हतं?"

"एक तोंड ओळखीचं असेल तर शपथ. माझं पाणी भरणारा वेगळा आहे. दोन वर्षं झाली, रोज सकाळी दोन बादल्या आणून ठेवतो. तोंडातून अक्षर नाही. मी विचारते, बाबा, काय देऊ तुला? तर म्हणतो, काही नाही. बिचारा तीन दिवस येतोय, दारातून बघतोय आणि रिकाम्या बादल्या घेऊन परत जातोय. त्याला टाकायला जागाच ठेवली नाही यांनी."

मावशी जिना कशा उतरल्या ते त्यांना कळलं नाही. गुडघे दुखल्याचंही आठवत नव्हतं. चौकात नळाशेजारी हातगाडी लावलेली होती आणि गाडीच्या दांडीवर दोन रिकाम्या बादल्या अडकवलेल्या होत्या. तो चाकाला तेल घालत होता.

"अरे, वर्षभर विचारतेय मी तुला," मावशी म्हणाल्या. "एकदा तरी सांगायचंस."

तो उभा राहिला. तेलाचे हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. "तुम्हीच नको म्हणाला होतात."

"मी? कधी?"

"पहिल्या रविवारी. तुम्ही म्हणालात, ज्याची अडचण आपल्या डोळ्यांसमोर आहे त्याचं काम करावं, लांब शोधत जाऊ नये. मी गाडी इथे लावतो. आजी रोज बादली घेऊन जिन्यात बसलेली दिसायची. त्या रविवारनंतर मला तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करता येईना." इतकं बोलून तो दमल्यासारखा थांबला. मग म्हणाला, "आणि तुम्ही म्हणालात, केलेलं बोलून दाखवलं की ते उष्टं होतं. देवाला ऐकू येतं, त्याच्यासमोर ओरडायला लागत नाही."

मावशींना आठवलं. खरंच म्हणाल्या होत्या त्या. त्या दिवशी नवं पातेलं होतं, समोर बारा माणसं होती, बाहेर करवत चालू होती आणि आपलं बोलणं कुणाला ऐकू जातंय की नाही याची त्यांना शंका वाटली होती. एकाला गेलं होतं. त्यानं ते जपून ठेवलं, आणि त्यांनी स्वतः ते विसरून बरोबर उलटा नियम काढला आणि तो पाळला नाही म्हणून त्याला वर्षभर पावाचा चुरा वाढला. त्यांना भयंकर लाज वाटली, इतकी की पळी चोरली त्या आठवड्यातही वाटली नव्हती.

"तुम्ही विचारायचात तेव्हा मी काही नाही म्हणायचो," तो खाली बघत म्हणाला. "तेवढं मात्र खोटं झालं. ते माफ करा."

मावशींना हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे त्या नुसत्याच नळाच्या कट्ट्यावर बसून राहिल्या.

वर आजीनं तोवर आपला बंदोबस्त केला होता. खिडकीतून डोकं काढून तिनं बादल्या घेऊन चौकात जमू लागलेल्या पुण्यवानांना हुकूम सोडला. पाणी हातगाडीवाल्याचं, त्याला कुणी हात लावायचा नाही. बाकीच्यांना एवढाच उमाळा आला असेल तर जिना पुसा, खिडक्यांच्या काचा पुसा आणि दाढीवाल्यानं रोज चार वाजता येऊन चहा करून द्यावा, सांडलेला चहा फिटेपर्यंत. मजा म्हणजे लोकांनी ते केलं. खोटं बोलून अडकल्यावर खरं करण्यावाचून गत्यंतर उरलं नव्हतं, आणि केल्यावर त्यातल्या दोघातिघांना ते आवडलंही. पडदेवाला अजून चार वाजता जातो. सांडलेला चहा कधीच फिटला आहे, पण आजी नाटकातले प्रसंग मन लावून ऐकते, असा श्रोता त्याला पूर्वी मिळाला नव्हता.

रविवारी गिरणीवाला वेळेच्या आधी येऊन पातेल्याजवळ उभा राहिला. कोण निघणार याची सगळ्यांनाच धास्ती होती. प्रार्थनेला मावशींनी त्या दिवशी दोन्ही डोळे मिटले. उघडले तेव्हा टोपलीतले पाव जागेवर होते.

"आजपासून कुणी काही सांगायचं नाही," त्या म्हणाल्या. "मी चुकीचं शिकवलं. आधी बरोबर शिकवलं होतं, मग चुकीचं शिकवलं. तुम्ही खोटं बोललात ते माझ्यामुळे. आता करायचं आणि गप्प बसायचं." मग त्यांनी हातगाडीवाल्याला शेवटून पुढे बोलावलं. तो येईना, तेव्हा पाकीटवाल्यानं त्याला दंडाला धरून आणलं. पहिल्या माणसाला वरचं पातळ येतं, म्हणून मावशींनी पळी पार तळापर्यंत घातली आणि घट्ट कढण वर काढलं. वर दोन पाव ठेवले. बाकीचे गप्प राहिले. पडदेवाल्याला काहीतरी बोलायचं होतं, पण तोही गप्प राहिला, आणि हे त्याच्या हिशेबानं मोठंच चांगलं काम होतं.

सगळ्यांना वाढून झालं तेव्हा गिरणीवाल्यानं वाडगे मोजले. चाळीस. माणसं मोजली. चाळीस. पुन्हा मोजली. "मावशी, नाव कुणाचं काढलंत मग? माणसं तर सगळी दिसतायत."

"जो काही केल्या सुधारत नाही त्याचं काढा म्हणालात ना. माझं काढलं. एक्केचाळिसावा वाडगा माझा होता."

आकडा गोल झाला होता, त्यामुळे गिरणीवाल्याला तक्रारीला जागा उरली नव्हती. तो टोपी नीट करत बाहेर गेला.

मावशींनी पातेलं खरवडून ठेवलं, पळी पुसली आणि दाराजवळच्या स्टुलावर बसल्या. कढणाचं त्यांना विशेष नव्हतं. घरी दोन घास करून खाता आले असते. पण आठवड्याचे सहा दिवस त्या बंद घड्याळासमोर एकट्या जेवत, आणि रविवारी सगळ्यांना वाढून झाल्यावर चाळीस माणसांत बसून खायचा तो एक वाडगा, त्याची वाट बघण्यात त्यांचा आठवडा जायचा. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आता वखारीच्या भिंतीकडे बघत त्या बसल्या, आणि रडायचं नाही असं त्यांनी स्वतःला बजावलं.

थोड्या वेळानं त्यांच्या पुढ्यात कुणीतरी डब्याचं झाकण ठेवलं. झाकणात अर्धं कढण होतं, तळाचं, घट्ट, आणि वर एक अख्खा पाव.

"हे काय?" मावशींनी विचारलं.

"काही नाही," हातगाडीवाला म्हणाला, आणि आपला वाडगा उचलून स्टुलाशेजारी जमिनीवर बसून खाऊ लागला.